दोन्ही हातांचे कडूमामा

लोक एक हात मिळवतात, कडूमामा दोन्ही मिळवतात. तुम्ही नमस्काराला हात जोडलेत तर ते जोडलेले हात अलगद सोडवतात, एक मनगट ह्या हातात, दुसरं त्या हातात धरतात, तीन-तीन बोटं टेकवतात आणि छताकडे बघत उभे राहतात. छत नसेल तर आभाळाकडे. साधारण अर्धं मिनिट हा कार्यक्रम चालतो. त्या अर्ध्या मिनिटात आपण हसायचं, बोलायचं की आपणही वर बघायचं, हे आमच्या आळीत आजवर कुणाला कळलेलं नाही. मग मामा मान खाली आणतात, "हायेत. दोन्ही हायेत," असं म्हणतात आणि हात परत देतात. उसनी नेलेली वाटी परत करावी तसे.

शेजारच्या सुमनकाकूंच्या मुलीच्या लग्नात मामा स्टेजवर चढले. मागे ही रांग. मामांनी नवरदेवाची दोन्ही मनगटं धरली. फोटोग्राफर म्हणाला, "काका, इकडं बघा." मामा मांडवाच्या झालरीकडे बघत होते. "काका, स्माइल." मामांचे ओठ हलत होते, कारण ते मोजत होते. नवरदेव अलिबागकडचा, त्याला बिचाऱ्याला काय माहीत? त्याला वाटलं, कुणी मोठा माणूस मंत्र म्हणतोय. त्याने भक्तिभावाने डोळे मिटले. अल्बममध्ये तो फोटो आजही आहे. मामा वर बघतायत, नवरा समाधीत आणि नवरी तोंडावर पदर घेऊन हसतेय. ती आमच्याच आळीत वाढलेली, तिने मग आपणहून दोन्ही हात पुढे केले.

नव्या माणसांचे गैरसमज व्हायचेच. एकदा भाजीवालीला वाटलं, मामा हात बघतात. तिने तळवे पुढे केले आणि विचारलं, "पोराचा परदेशयोग हाय का?"

मामा म्हणाले, "बहात्तर."

"बहात्तराव्या वर्षी?"

"अगो, तुझ्या नाडीचं सांगतोय मी."

"मग पोराचं?"

"पोराला पाठव. त्याची त्याची वेगळी असते."

कडूमामांचं पूर्ण नाव शांताराम कडू. सडपातळ, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि एक छोटं भिंग. पेणला आमच्या शेजारच्या खोलीत ते भाड्याने राहायला आले, ते निवृत्त झाल्यावर. मूळ गाव रोह्याकडचं. गावात घर आहे, पण त्यात पुतण्यांचे संसार. पुतणे जवळच्या धाटावला कंपनीत शिफ्ट करतात, कुणी ना कुणी कायम झोपलेलं असतं. मामा महिन्यातून एकदा रोह्याला जातात आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतात. "राहत का नाही मामा?" म्हटलं तर म्हणतात, "तिथं सगळ्यांच्या नाड्या बघून झाल्या." लग्न केलेलं नाही. का, हे विचारायची सोय नाही. विचारलं की ते तुमचे हात मागतात.

मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी विभागात त्यांची हयात गेली. हरकाम्या म्हणून लागले, टेक्निशियन म्हणून निवृत्त झाले. मेलेल्या माणसाच्या शरीरातला तुकडा मेणात बसवायचा, केसाहून पातळ कापायचा, रंगवायचा, काचेवर चिकटवायचा. मग डॉक्टर मंडळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सांगणार, माणूस कशाने गेला. विभागाचं एक म्युझियमही होतं, बरण्यांचं. हृदयं, यकृतं, मूत्रपिंडं, आणि मामांचा लाडका प्रांत म्हणजे रक्तवाहिन्या. "मी डॉक्टर नाय," हे त्यांचं पहिलं वाक्य आणि "पण डॉक्टर माझ्या हाताखालून गेलेत," हे दुसरं. तिसरं वाक्य वाद घालणाऱ्यासाठी राखून ठेवलेलं: "तू बाहेरून बोलतोस. मी आतून बघितलंय."

ह्या तिसऱ्या वाक्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

रक्तवाहिनीत चरबी साचते म्हणजे काय होतं, हे मला पुस्तकात कधी कळलं नव्हतं. मी शाळेत इतिहास शिकवते, हे माझं निमित्त. मामांनी मला ते गच्चीवर शिकवलं. सुमनकाकूंचे पापड वाळत होते. मामा उकिडवे बसले आणि म्हणाले, "मास्तरीण, हे बघ. नळीच्या आतल्या भिंतीला आधी पिवळी रेघ उठते. मग भिंतीच्या आत साचायला लागते ती पेज. खरंच पेज! तांदळाची पेज जुनी झाली की कशी गिचका होते, तशी. आणि त्या पेजेवर शरीर धरतं पापड. आतून पेज, वरून पापड. वर्षानुवर्षं माणूस चालतो, जेवतो, भांडतो, काय कळत नाय. आणि एक दिवस पापड मोडतो. पेज रक्ताला लागली की रक्त गोठतं. गाठ बसते. नळी बंद. तिकडं चहाचा कप अर्धाच राहतो."

सुमनकाकू पापड उलटत होत्या. त्या ताठ झाल्या. "मामा, आख्ख्या पेणचं नाव पापडावर चाललंय. तुम्ही रोगाला आमच्या पापडाचं नाव दिलंत तर धंदा बसंल आमचा."

"अगो, पापड चांगलाच हाय! पापडच धरून ठेवतो. जाड पापडवाला माणूस म्हातारा होतो. पातळ पापडवाला घात करतो."

"आमचा पातळच असतो," काकू अभिमानाने म्हणाल्या आणि मग त्यांनाच कळेना, आपण काय बोललो.

माझा नवरा सुनील धाटावला एका कंपनीत आहे. शिफ्टला जाताना नाक्यावर भजी आणि येताना सिगरेट, असा त्याचा क्रम. सिगरेट सोडली असं तो मला सांगायचा आणि मला ते पटतं असं त्याला वाटायचं. मामांनी एके दिवशी त्याचे हात धरले, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "किती वोढतोस?"

सुनील म्हणाला, "नाडीवरून कळतं?"

"वासावरून कळतं."

मग सुनीलने त्याचं हुकमी अस्त्र काढलं. "मामा, माझा आजा नव्वदीला गेला. रोज तूप खायचा. बिडी ओढायचा."

"आजा भात लावायचा, का बाइकवर बसून धाटावला जायचा?"

"भात लावायचा."

"मग आजाची नळी आजाबरोबर गेली. तुझी तुझ्यापाशी हाय. सिगरेट म्हणजे आतल्या भिंतीला सँडपेपर. तू बाहेरून बोलतोयस, मी आतून बघितलंय."

सुनीलने सिगरेट सोडली. मी सहा वर्षं मागे लागले होते, ते मामांनी अर्ध्या मिनिटात केलं. मला आनंदापेक्षा राग जास्त आला.

आता जी गोष्ट सांगायची ती गेल्या वर्षीची. आमच्या भागातल्या गणेशोत्सव मंडळाने ठरवलं, ह्या वेळी चौथ्या दिवशी आर्केस्ट्रा नको, आरोग्यावर व्याख्यान. कडूमामांना बोलावलं. मामा म्हणाले, "येतो. पण नमुना पाहिजे. नुसतं तोंडानं सांगून लोक म्हणतात हो हो, आणि वडापाव खातात." कॉलेजातली बरणी कोण देणार? मग मामांच्या डोक्यात आलं: पेणला राहतो आपण, इथं मातीची काय कमी?

माझं माहेर पेणजवळचं जोहे. माझा दादा गणपतीच्या मूर्ती करतो, घरामागे मोठा कारखाना आहे. मी मामांना तिथे घेऊन गेले. गणपतीला तीन आठवडे राहिले होते. शेडमध्ये ओळीने मूर्ती उभ्या, अंग रंगवून झालेल्या, डोळे बाकी. दादा हाताला रंग लागलेल्या अवस्थेत पुढे आला. मामांनी आधी त्याची मनगटं तपासली, रंगासकट. मग सांगितलं, "मला एक रक्तवाहिनी पाहिजे. हातभर लांब. मधून कापलेली."

दादा विचारात पडला. "कुठल्या देवाची?"

"माणसाची."

"साचा नाय आपल्याकडं." मग त्याला धंदा आठवला. "पण शाडूची हातानं बनवून देईन. बैठी पाहिजे का उभी?"

"आडवी."

दादाने माती मळायला घेतली. मामा त्याच्या डोक्यावर उभे राहून सांगत होते: हा आतला थर, हा मधला, हा बाहेरचा, इथे पेज, इथे पापड. दादा म्हणाला, "मामा, तुम्ही इतकं बारीक सांगताय, लालबागवाले पण सांगत नाय." मामा खूश झाले. रंगाचं काम वहिनीकडे आलं. माझी वहिनी, रेखा. तिने पिवळ्यात जरा पांढरा, जरा मातकट घातला, बोटाने ढवळलं आणि विचारलं, "असा? जुन्या लोण्यावानी?"

मामा तिच्याकडे बघतच राहिले. "पोरी, सगळी नोकरी झाली, हा रंग कुणाला असा बोलता आला नाय. आण हात."

रेखावहिनी जोह्यातली सगळ्यांत चांगली आखणीवाली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. मूर्ती कुणीही रंगवील, डोळ्यांना हात लागतो. वहिनी डावखुरी. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईने पहिल्यांदा तिला डाव्या हातात कुंचला धरलेला बघितला आणि देवापुढे नारळ ठेवला. पण वहिनीने काढलेले डोळे गिऱ्हाइकाकडे असे बघायचे, की माणूस दुसरी मूर्ती बघायलाच जायचा नाही. आईने नारळाचं नाव पुन्हा काढलं नाही. त्या वर्षी मात्र वहिनीचा हात दुखायला लागला होता. चार मूर्ती झाल्या की हात भरून यायचा, खाली घ्यावा लागायचा. संध्याकाळी कणकण. पोरगी निम्मी झाली होती. घरच्या मशीनवर बीपी घेतलं की कमी यायचं, म्हणून आई तिला मीठ घालून लिंबाचं सरबत पाजायची. दिवसातून तीनदा. आणि पाजताना हळूच म्हणायची, "डाव्या हातानं देवाचे डोळे. कुठंतरी बाधणारच."

मामांनी दोन्ही मनगटं धरली. छताकडे बघितलं. बघतच राहिले.

अर्धं मिनिट झालं. एक मिनिट झालं. आम्ही सवयीने "हायेत, दोन्ही हायेत" ची वाट बघत होतो. मामांनी डाव्या मनगटावरची बोटं उचलली, परत ठेवली. जरा वर ठेवली. कोपराच्या आत ठेवली. मग गळ्याच्या बाजूला. मी त्यांना इतकी वर्षं बघत होते, पण त्यांचा चेहरा असा झालेला कधी बघितला नव्हता.

"इथं नाडी नाय," ते म्हणाले.

दादा हसला. "नाय म्हणजे? जिती हाय ती."

"उजव्या हाताला हाय. डाव्याला नाय. बीपीचं मशीन आण."

डाव्या दंडाला मशीन लावलं. नेहमीचाच, कमी आकडा. मामा म्हणाले, "आता उजव्याला लाव." उजव्याला कुणी कधी लावलंच नव्हतं. आकडा असा वर गेला, की दादाने मशीन बिघडलं म्हणून त्याला चापट मारली. परत लावलं, परत तेच. मामा आईकडे वळले. त्यांचा आवाज एकदम मऊ होता. "आक्का, सरबत बंद करा. हिचं बीपी कमी नाय, जास्त हाय. त्या हाताला रक्तच पोचत नाय, म्हणून तिथं कमी दिसतं."

आईच्या हातात तेव्हाही सरबताचा पेला होता.

"मी डॉक्टर नाय," मामा दादाला म्हणाले. मी दुसऱ्या वाक्याची वाट बघितली, ते आलं नाही. "मी डॉक्टर नाय, पण हिला उद्या मुंबईला न्यायची."

इथून भांडण सुरू झालं. दादा वाईट माणूस नाही. पण तीन आठवड्यांवर गणपती, आणि शेडमध्ये डोळ्यांवाचून उभे असलेले इतके देव. "गणपती होऊ दे मामा, दुसऱ्या दिवशी नेतो."

वहिनीलाही जायचं नव्हतं. "माझ्याबिगर आखणी कोण करंल?"

"देव थांबंल," मामा म्हणाले.

"देव थांबंल हो मामा. गिऱ्हाईक थांबत नाय."

मामांनी रंगाची एक रिकामी बादली उलटी केली आणि शेडच्या मधोमध बसले. "मग मी पण इथंच बसतो. गणपती गेले की मला पण त्यांच्याबरोबर बुडवा." दादाने समजावलं, मी समजावलं. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. मामा चहा नाकारतात ही गोष्ट आळीत सांगितली तर कुणी विश्वास ठेवणार नाही. कामाला आलेल्या बाया त्यांच्या भोवतीने पाट नेत होत्या. कुणीतरी चुकून त्यांच्या खांद्यावर सोनेरी रंगाचा फडका टाकला. तासाभराने खांद्यावर सोनेरी डाग असलेले मामा अगदी त्या ओळीतलेच एक दिसायला लागले.

शेवटी आई उठली. तिने आखणी सोडून बरीच वर्षं झाली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, हात थरथरायचा. तिने वहिनीच्या हातातला कुंचला काढून घेतला. "जा गो तू. डोळे मी काढते." कुणी काही बोलायच्या आत तिने पुढे म्हटलं, "माझ्या हातचे देव जरा झोपाळू दिसतील. दिसू देत. देव पण दमतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे दादाच्या ओळखीच्या गाडीने आम्ही निघालो. दादा, वहिनी, मामा आणि मी. मामांच्या जुन्या कॉलेजच्या हॉस्पिटलात. तिथल्या ओपीडीत मामा शिरले आणि एक पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. "कडू, तुम्ही?" मामांनी त्यांचीही दोन्ही मनगटं धरली. बाहेर पेशंटांची रांग आणि आत डॉक्टरीणबाई शहाण्या मुलीसारख्या हात देऊन उभ्या. मग मामा बाजूला झाले. "मॅडम, हिची डावी बघा."

रक्त तपासलं, मशीनमध्ये घालून फोटो काढले. दोन दिवसांनी मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. ह्या आजाराला टाकायासू म्हणतात, त्या म्हणाल्या. (आई आजही त्याला 'टाकाऊ आजार' म्हणते आणि कुणी सुधारलं की म्हणते, टाकाऊच आहे, टाकून दिला पाहिजे.) बहुतेक तरुण बायकांना होतो. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आणि तिच्या फांद्या आतून सुजतात, भिंती जाड होत जातात, रक्ताची वाट अरुंद होते.

दादाने विचारलं, "चरबी साचली काय? पेज?" तो तीन दिवसांत तयार झाला होता.

"पेज नाय रे," मामा मागून म्हणाले. "ह्यात पेज नाय, पापड नाय. ही सूज हाय. शरीर आपल्याच भिंतीवर उठतं. का उठतं, ते मॅडमना पण ठाऊक नाय."

मॅडमनी हसून मान हलवली. खरंच ठाऊक नव्हतं.

वहिनीने खाली बघत विचारलं, "मॅडम, मी डाव्या हातानं देवाचे डोळे काढते. त्याच्यामुळं तर नाय ना?"

मॅडम पुढे झुकल्या. "रेखा, त्याचा ह्याच्याशी काहीही संबंध नाही. उजव्या हाताने काढत असतीस तरी हेच झालं असतं. तू काही केलेलं नाहीस."

वहिनी ढसाढसा रडली. आजाराचं नाव ऐकून रडली नव्हती, ती आता रडली. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, मी मामांकडे बघितलं, तर मामा नेहमीप्रमाणे छताकडे बघत होते. पण त्यांच्या हातात त्या वेळी कुणाचीच मनगटं नव्हती.

गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवडे वहिनी हॉस्पिटल आणि माझं घर यांमध्ये. तिकडे जोह्यात आईने जिद्दीने सगळ्या मूर्तींची आखणी केली. झोपाळू डोळ्यांचे गणपती बाजारात गेले ते थेट विकले गेले, एका घराने तर सांगून ठेवलं, पुढच्या वर्षी पण असाच शांत चेहरा द्या. एकच घोटाळा झाला. आई ओळीने डोळे काढत चालली होती, मोतीबिंदूने तिला धड दिसत नव्हतं, आणि ओळीच्या शेवटी मामांची रक्तवाहिनी ठेवलेली होती.

चौथ्या दिवशी मंडळाच्या स्टेजवर मामांनी वरचं फडकं काढलं. हातभर लांब, मधून कापलेली, लाल-पिवळी रक्तवाहिनी प्रेक्षकांकडे दोन अर्धोन्मीलित डोळ्यांनी बघत होती. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी हात जोडले. एकीने पुढे येऊन हळदकुंकू वाहिलं. मामांनी भिंगातून डोळे तपासले आणि म्हणाले, "असू दे. तिला पण कळू दे आत काय साचलंय." मग जवळजवळ तासभर बोलले. पेज सांगितली, पापड सांगितला, सँडपेपर सांगितला. सुमनकाकू अभिमानाने इकडेतिकडे बघत होत्या. शेवटी मामांनी सगळ्यांना शेजाऱ्याचे दोन्ही हात धरायला लावले. सगळा मंडप एकमेकांची मनगटं धरून वर बघत उभा. उशिरा आलेल्या पाहुण्यांना वाटलं, पंखा पडतोय.

दिवाळीनंतर आम्ही वहिनीला परत दाखवायला नेलं. गोळ्यांनी तिचा चेहरा भोपळ्यासारखा गोल झालेला, त्याचं तिला वाईट वाटायचं. पण ताप गेला होता, वजन भरलं होतं, उजव्या हातावरचा आकडा ताळ्यावर आला होता. डाव्या मनगटाला नाडी अजून लागत नव्हती. मॅडम म्हणाल्या, कदाचित लागणारही नाही, पण आजूबाजूच्या बारीक वाहिन्या वाट काढतायत, हात जगेल. "आणि आखणी?" वहिनीने विचारलं. "कर. दमलीस की थांब." वहिनी म्हणाली, "म्हणजे आईंच्या देवांसारखी. ते पण दमतात."

दादा-वहिनी औषधांच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिले. मामा मला म्हणाले, "मास्तरीण, धा मिनिटं हायत काय? माझं वर जरा काम हाय."

दोन जिने चढून गेलो. पॅथॉलॉजीचं म्युझियम. लांब खोली, काचेची कपाटं, कपाटांत बरण्या. मुलं आता बरंचसं संगणकावरच शिकतात, त्यामुळे तिथे कुणी नव्हतं. मामा इकडेतिकडे न बघता चालत गेले, स्वयंपाकघरात माणूस अंधारातही काडेपेटीपाशी जातो तसे. खिडकीजवळच्या एका कपाटापुढे थांबले.

बरणीत एक उभी चिरलेली, उलगडून पसरलेली रक्तवाहिनी होती. आतली बाजू झाडाच्या सालीसारखी खडबडीत, सुरकुतलेली. मला डॉक्टरी कळत नाही, पण वहिनीच्या आत झालंय ते हेच, हे कळलं. खाली चिठ्ठीवर फक्त नंबर होता.

"मी नवीन लागलो होतो तेव्हाची," मामा म्हणाले. "तुझ्या वहिनीपेक्षा ल्हान. डॉक्टर पोरं यायची, म्हणायची काय सुंदर केस हाय. खरंच सुंदर हाय, शिकायला. मी रजिस्टर भरत होतो, तर गावाचं नाव वाचलं. आमच्या गावापासून दोन कोसावर." त्यांनी चिठ्ठीवरच्या नंबराकडे बोट केलं. "केसपेपर वाचला मी तिचा. हात दुखतो म्हणून सासरच्यांनी दोन वर्षं तेल चोळलं. चार ठिकाणी दाखवली. मनगट धरलं सगळ्यांनी, पण उजवं. सवय असते ना."

"नाव काय हो तिचं?"

"नाव सांगायचं नसतं. नियम हाय." मग हळूच म्हणाले, "मला ठाऊक हाय."

बरणीतलं पाणी, म्हणजे फॉर्मलिन, वर्षभरात उडून जरा खाली येतं. ते घालून परत भरायचं काम मामांचं. सगळ्या बरण्या ते मार्चमध्ये भरायचे, सरकारी हिशोबाने. ही एकच दिवाळी पाडव्याला. सगळे सुट्टीवर गेलेले असायचे, मामा ड्यूटी मागून घ्यायचे. "गावी जाऊन काय करायचं होतं मला? आणि पाडव्याला हिच्याकडं कोण येणार?"

मामांनी रुमाल काढून काच पुसली, वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यांसकट. मग काचेजवळ तोंड नेलं. मला ऐकू येऊ नये इतक्या हळू बोलले, पण खोली इतकी शांत होती की मला ऐकू आलं.

"बाय, एक सापडली गो. जोह्याची हाय. वेळेत सापडली."

तेवढ्यात आतल्या दारातून एक बाई आल्या. निळा अॅप्रन, हातात किल्ल्यांचा जुडगा. मामांच्या जागेवर आता त्या होत्या, पण त्यांनी मामांना कधी बघितलेलं नव्हतं. एक म्हातारा बरणीशी बोलतोय हे बघून त्या दारातच थबकल्या. मग जरा थट्टेने, जरा खरंच कळत नाही म्हणून त्यांनी विचारलं, "बाबा, कोण लागते तुमची?"

मामांनी रुमालाची नीट घडी केली, खिशात ठेवली.

"गाववाली हाय आमची," ते म्हणाले. "जरा लक्ष ठेव तिच्यावर."